करडीचा नालीवाला हिरामण

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही, आणि अक्षर असं आहे की किराण्याची यादी दिली तरी दुकानदार दोनदा विचारतो. तेव्हा चुका असतील, ओळी वरखाली गेल्या असतील, त्याची माफी असावी. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण मागच्या आठवड्यात माझ्या पुतणीचा फोन आला. तिनं वरठीला घर घेतलं आहे आणि तिथली नाली तुंबली. "काकू, तुमच्याकडे कोणी भरवशाचा माणूस आहे काय?" असं तिनं विचारलं. नाव माझ्या तोंडाशी आलं होतं. तरी मी म्हटलं, नाही, कोणी नाही. फोन ठेवल्यावर मला माझाच राग आला, म्हणून ही वही काढली.

तो माणूस हिरामण. करडीचा. आता तिथं राहत नाही, सानगडीला मेहुण्याच्या आसऱ्यानं गेला म्हणतात. तिथं तो नाल्या साफ करतो की रोजीनं शेतावर जातो, मला माहीत नाही. विचारायला तोंड नाही.

तो पहिल्यांदा आमच्या घरी आला तो दिवस मला चांगला आठवतो. सायकलच्या दांडीला बांबूच्या लांब लांब कमच्या, म्हणजे चिरलेल्या पट्ट्या, बांधलेल्या, त्या पुढं-मागं हातभर बाहेर आलेल्या, त्यामुळं गल्लीत शिरताना तो घंटी न वाजवता नुसता "बाजूनं, बाजूनं" म्हणत यायचा. पन्नाशीचा माणूस, काटकुळा, अंगात निळा सदरा आणि कानात कापसाचा बोळा. तो दारात आला. भाव सांगितला नाही, नाली कुठं आहे तेही विचारलं नाही. म्हणाला, "बाई, घरात रंग आहे काय? थोडासा द्या. लाल असन तर चांगलं."

मला वाटलं, हा काय होळी खेळायला आला आहे. पण आमच्या घरात रंग असतोच. आमचं घर विणकराचं. सासरे होते तोवर दोन माग चालायचे, आता एकच राहिला आणि तो मी चालवते. महेशचे बाबा, म्हणजे माझे मालक, माग सोडून वरठीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला जातात. आमचा महेश नागपूरला असतो. घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंचा खुबा मोडल्यापासून त्यांना बाहेर जाता येत नव्हतं, म्हणून घरातला संडास तुंबल्यावर आमचे फार हाल झाले. त्यांना दिवसातून तीनदा भांडं द्यावं लागे आणि त्या रडत. देवाला म्हणत, "आता उचला बापा मले."

हिरामणच्या आधी दोघे येऊन गेले होते. एकानं तर फोनवरच भाव सांगितला आणि पैसे पाठवा म्हणाला. दुसरा आला तो नाकाला रुमाल लावून. उंबऱ्यावरूनच त्यानं सांगितलं, सगळं बाथरूम फोडावं लागेल, टाइल्स नवीन लागतील, टाइल्सचं दुकान त्याच्या भावाचंच आहे. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझा आवाज निघत नाही. मी दाराआडून मान हलवली आणि तो गेला. हे दोघं येऊन गेले हे मी हिरामणला पुढं कधीतरी सांगितलं, तेव्हा तो हसला. म्हणाला, "जो नाली पाहाच्या आधी भाव सांगते, तो नाली नाही पाहत बाई. घर पाहते. पंखे किती, फ्रीज आहे का, माणूस घरी आहे का बाईच आहे."

तर त्यानं लाल रंग बादलीत कालवला, संडासात ओतला आणि मागच्या अंगणातल्या चेंबरचं झाकण काढून उकिडवा बसला. बसला तो बराच वेळ. रंग काही चेंबरात आला नाही. थोड्या वेळानं बाथरूमच्या जाळीतून लाल पाणी वर आलं. तेव्हा तो उठला, फरशीला कान लावला, बोटानं टकटक करत भिंतीपर्यंत गेला आणि एका जागी थांबला. विटेच्या तुकड्यानं तिथं फुली मारली. "इथं आहे," म्हणाला. एखादा वैद्य नाडी बघतो तसा त्याचा चेहरा होता. मला त्या माणसाबद्दल त्याच वेळी भरवसा वाटला. हे मी कबूल करते, कारण पुढं मी काय केलं ते लिहायचं आहे.

मग त्यानं मला विचारलं, "बाई, खळ कुठं फेकता?"

विणकराच्या घरी मागावर चढवायच्या आधी सुताला तांदळाची खळ देतात. उरलेली खळ, धुतलेल्या भांड्याचं पाणी, तुटलेल्या सुताचे गुंते, हे सगळं पूर्वी आम्ही उघड्या नालीत फेकत असू. उघड्या नालीत काही अडत नसे, कोंबड्या खात, उन्हानं वाळे. पाईप टाकला तेव्हा महेशच्या बाबांनी मला बजावून सांगितलं होतं की यात खळ ओतायची नाही, मागं खड्डा केला आहे, तिथं नेऊन टाक. मी काही दिवस नेली. मग पावसाळा आला, चिखल झाला, माझे गुडघे दुखायला लागले. हे कामाला गेले की मी बाथरूममध्येच ओतायला लागले. पाच-सहा वर्षं ओतली असेल. मला वाटायचं, पातळ तर आहे, जाईल.

मी खाली बघितलं. हिरामणला कळलं.

तीन दिवस त्यानं काम केलं. कमच्या एकीला एक बांधून पाईपात घालायचा, ओढायचा, पुन्हा घालायचा. दुपारी सावलीत बसून स्वतःची भाकर खायचा आणि स्वतःच्याच बाटलीतलं पाणी प्यायचा. पहिल्या दिवशी सासूबाईंनी मला खाटेवरून हळूच सांगितलं होतं की त्याला पाणी द्यायचं तर कोपऱ्यातल्या त्या जुन्या गिलासात दे. मी तो गिलास घेऊन गेले. त्यानं गिलासाकडं बघितलं आणि म्हणाला, "राहू द्या, माह्यी बाटली आहे." रागानं नाही म्हणाला. असे गिलास त्यानं पुष्कळ घरी पाहिले असतील. दुसऱ्या दिवशी मी चहा आमच्याच कपात नेला, तर तो त्यानं घेतला. सासूबाईंना दिसणार नाही अशा बाजूला मी तो नेला होता, हे पण लिहून ठेवते.

काम करताना तो बोलायचा. माझ्याशी कमी आणि पाईपाशी जास्त. "ये ना बापा, कायले जिद्द करून राहिला," असं पाईपात तोंड घालून म्हणायचा. मी बाथरूममध्ये फिनाईल टाकायला गेले तर म्हणाला, "फिनाईल म्हणजे नालीले पावडर लावणं आहे बाई. नवरी सजली, पण पोट साफ नाही." मला हसू आलं. आमच्या घरात मी अशी मोठ्यानं हसत नाही. तोही हसला आणि लगेच पाईपाकडं वळला, म्हणजे मला लाज वाटू नये.

संडासाच्या टाक्यात माणूस उतरवायचा नाही, हा त्याचा नेम होता. घाण ओढणारी गाडी लावून, पाईप सोडूनच उपसायचं. मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं. म्हणाला, "जो ठेकेदार माणूस उतरवतो म्हणन, त्याले दारातूनच वापस पाठवा. माहा लहान भाऊ उतरला होता. बोलत बोलत उतरला. मंग आवाज बंद झाला. त्याले पाहाले दुसरा उतरला. दोघंही खालीच राह्यले." हे सांगताना तो कमचीची गाठ बांधत होता, गाठ त्यानं पक्की बांधली आणि दातानं दोरी तोडली. 

तिसऱ्या दिवशी दुपारी गोळा निघाला. तो मी जन्मात विसरणार नाही. मांडीएवढा जाड, पिवळा-काळा, रबरासारखा, आणि त्यात सगळीकडं सूत गुंतलेलं. लाल, हिरवं, जरीचं सुद्धा. आमच्याच साड्यांचे रंग. माझ्या सहा वर्षांची खळ आणि माझ्या हातचे गुंते. तो अंगणात पडला आणि मी आधी मागचं दार ओढून घेतलं, सासूबाईंना दिसू नये म्हणून. महेशचे बाबा हात उगारत नाहीत, पण बोलतात. एकदा चूक सापडली की वर्षभर बोलतात, पाहुण्यांसमोर बोलतात. पाईपाचा खर्च तेव्हा त्यांनी कर्ज काढून केला होता.

मी काही म्हणायच्या आधीच हिरामण उठला. जुन्या पोत्यात त्यानं तो गोळा गुंडाळला, पपईच्या मागं खड्डा खणला, पुरला आणि वर माती दाबली. हात साबणानं तीनदा धुतले. मग म्हणाला, "भाऊले मी सांगतो, जुना गाळ होता. बाकी काही सांगाचं कारण नाही. तुमी फक्त खळ मागच्या खड्ड्यात टाकत जा."

परक्या माणसानं माझी अशी बाजू राखली, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

पण पाईप मोकळा झाला तरी संडासातलं पाणी खाली जाईना. हिरामणनं टाक्याचं झाकण किलकिलं केलं आणि लगेच बंद केलं. टाकं काठोकाठ भरलं होतं. बांधल्यापासून एकदाही उपसलं नव्हतं. त्याला गाडी लागणार होती, आणि गाडी आमच्या दारापर्यंत येत नव्हती, कारण आमचा ओटा. सासऱ्यांनी बांधलेला ओटा गल्लीत दोन हात पुढं आलेला होता आणि त्याच्या पायऱ्या अजून पुढं. हिरामणनं त्याच संध्याकाळी गाडीवाल्याला आधी पैसे देऊन ठेवले आणि चेंबरासाठी नवा पाईपही आणला. कामाच्या आधी महेशच्या बाबांनी त्याला पाच हजार दिले होते, त्यातूनच.

चौथा दिवस रविवार होता. महेशचे बाबा घरी. त्यांनी सकाळी संडास बघितला, पाणी जसंच्या तसं, आणि ते ओट्यावर जाऊन उभे राहिले. सुटीचा दिवस, गल्ली भरलेली. कोणी दात घासत होतं, कोणी पेपर वाचत होतं.

"तीन दिवस काय केलं बे तू?"

हिरामण खाली रस्त्यावर उभा होता. म्हणाला, "पाईप मोकळा झाला भाऊ. आता टाकं भरलं आहे."

"पाईपातून काय निघालं? दाखव मले."

मी दाराआड होते. हिरामणनं एकदा दाराकडं बघितलं. एकदाच. मग म्हणाला, "गाळ होता. फेकला."

"फेकला. बादलीभर गाळाचे पाच हजार."

हिरामणनं शांतपणे सांगितलं की गाडी लावावी लागेल, त्यासाठी दोन पायऱ्या काढाव्या लागतील, तो स्वतः परत बांधून देईल, सिमेंटही त्याचंच. महेशच्या बाबांना ओट्याचं नाव काढलेलं खपत नाही. ते म्हणाले, माह्या बापाच्या ओट्याले हात लावायचा नाही, माणूस उतरव. हिरामण म्हणाला, माणूस नाही उतरत. मग माझे पैसे काढ, असं हे म्हणाले. पैसे आज जवळ नाहीत, गाडीला आणि पाईपाला दिले, असं तो म्हणाला. त्यावर महेशच्या बाबांनी गल्लीकडं तोंड केलं आणि मोठ्यानं सांगितलं, "पाहून ठेवा रे याले. चोर आहे हा. काम नाही, धाम नाही, बायकोले भोळी पाहून तीन दिवस चहा पेऊन गेला."

चहाचं त्यांना सासूबाईंनी सांगितलं असेल. त्यांना दिसलंच होतं तर.

मला एवढंच करायचं होतं. बाहेर यायचं, पपईच्या मागं बोट दाखवायचं आणि म्हणायचं, तिथं खणा. मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले. लोक म्हणतात मी लाजाळू आहे. लहानपणापासून तेच ऐकत आले. त्या दिवशी जे होतं त्याला लाज म्हणत नाहीत, भित्रेपणा म्हणतात. हिरामणनं थोडा वेळ वाट बघितली, मग सायकल वळवली. कमच्या भिंतीला घासत गेल्या. या वेळी तो "बाजूनं" म्हणाला नाही. लोक आपणच बाजूला झाले.

दोन दिवसांनी महेशच्या बाबांनी भंडाऱ्याहून दुसरा ठेकेदार बोलावला. इस्त्रीचा शर्ट, खिशात छापील कार्ड, तोंडात "टेन्शन नका घेऊ काकाजी". त्यानं टाकं न बघताच आठ हजार सांगितले आणि सहावर आला, तर ह्यांना वाटलं आपण फार हुशारी केली. त्यानं एक मजूर आणला होता. लाल बनियनचा, तिशीतला. त्याची बायको शेजारच्या पायरीवर दोरीचं टोक धरून बसली. तो कमरेला दोरी बांधून उतरला आणि बादल्या वर द्यायला लागला. दहा-बारा बादल्या आल्या. मग बादली आली नाही. बायकोनं हाक मारली, उत्तर नाही. तिनं दोरी ओढली, तिला एकटीला ओढवेना. गल्लीतले चार जण धावले. त्याला वर काढलं तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याला आमच्या ओट्यावर निजवलं. तोंडावर पाणी मारलं, बऱ्याच वेळानं त्यानं ओकारी काढली आणि डोळे उघडले. ठेकेदार म्हणाला, सकाळपासून पिलेला आहे साला.  बायकोनं त्याच्या कमरेची दोरी सोडवली, तिची नीट गुंडाळी केली आणि पिशवीत टाकली, कारण दोरी तिची होती.

काढलेल्या बादल्या त्यांनी गावाबाहेरच्या बोडीत ओतल्या. त्या बोडीवर लोकांची जनावरं पाणी पितात. घाण कुठं नेणार, हे आधीच विचारायचं असतं, हेही हिरामणनं मला सांगितलं होतं. जो सांगत नाही तो दुसऱ्याच्या दारात टाकतो, असं तो म्हणाला होता. सगळं मला माहीत होतं. कोणाला ठेवावं, कोणाला ठेवू नये, पैसे किती आधी द्यावे, काय विचारावं, सगळं. घरात ते फक्त मलाच माहीत होतं, आणि मी घरात कधी काही सांगत नाही.

संध्याकाळी हिरामण आला. बातमी करडीपर्यंत गेली होती. महेशचे बाबा तेव्हा पानठेल्यावर गेलेले होते. तो ओट्यापासून चार पावलं दूर उभा राहिला आणि मला विचारलं, "जिवंत आहे ना तो?"

मी मान हलवली. त्यानं सायकलचा हँडल दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. त्यानं डोळे मिटले आणि उघडले. मला वाटलं आता बोलेल, मी सांगितलं होतं म्हणेल. ते तो बोलला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊले सांगा, पाच हजार वापस करतो. एकदम नाही होणार. बाजाराच्या दिवशी येत जाईन."

मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, तुमचे तीन दिवस झाले ना, गाडीचे गेले, पाईपाचे गेले, कायचे वापस करता. तो म्हणाला, "ज्या घरानं चोर म्हटलं, त्या घराचा पैसा माह्या घरात राह्यला तर पोराईले अन्न नाही पचत बाई."

तेव्हापासून तो बाजाराच्या दिवशी यायला लागला. दर वेळी नाही, कधी दोन बाजार चुकायचे, भाताच्या रोवणीच्या दिवसांत तर महिनाभर आला नाही. पण यायचा तो मुद्दाम भरदुपारी, बाजाराला जाणारे-येणारे गल्लीत असताना. ओट्यासमोर सायकल उभी करायचा, कधी पाचशे, कधी तीनशे, मोजून ओट्याच्या काठावर ठेवायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "हे पाचशे." बस. घरात कधी आला नाही, बसला नाही. एकदा महेशचे बाबा घरी होते, त्यांना अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, कायले येवढ्या लांब येतोस, फोनवरून पाठवत जा. हिरामण म्हणाला, "फोनवर दिलेले पैसे गल्लीले नाही दिसत भाऊ. चोर गल्लीत म्हटलं होतं."

हे आत निघून गेले.

गावात त्याला काम मिळेनासं झालं होतं. एका माणसानं चोर म्हटलं की दुसरा कशाला बोलावेल. ज्यांच्या घरी त्यानं दहा-दहा वर्षं नाल्या साफ केल्या, तेही इस्त्रीच्या शर्टवाल्याला फोन करायला लागले. हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. सुमन तिचं नाव, बाजारात भाजी घेऊन बसते. मी तिला ओळखत नव्हते, तिनं मला ओळखलं. वांगी तोलता तोलता म्हणाली, "तुमची पायरी शाबूत आहे ना बाई?" मी म्हटलं, हो. "असू द्या," म्हणाली. "आमचे दोन बकरे विकले गेले त्या पायरीत. तुमचे पाचशे-पाचशे आभाळातून पडून राह्यले नाहीत." वांग्याचे पैसे तिनं एक रुपया कमी घेतला नाही आणि एक रुपया जास्तही घेतला नाही. दोन सुटे रुपये नव्हते तर शेजारणीकडून आणून मला परत केले.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मी महेशच्या बाबांना सगळं सांगितलं. खळ मी ओतत होते, गोळा निघाला होता, तो माझ्यासाठी पुरला, काम त्यानं पुरं केलं होतं. मला वाटलं होतं की ते माझ्यावर ओरडतील आणि मग त्याला बोलावतील. ओरडले ते.  शेवटी म्हणाले, "तेव्हा काहून नाही सांगितलं?"  मी म्हटलं, आता पैसे नका घेऊ त्याच्याकडून. तर ते म्हणाले, "आता कोणाकोणाले सांगत फिरू? अर्धे त्यानं देऊन झाले. तो स्वतः देऊन राहिला, मी मागाले जातो काय?" आणि कूस बदलून झोपले.

दुसऱ्या दिवशी मी पपईच्या मागं खणून बघितलं. पोतं सडलं होतं. गोळा मातीत मिसळून गेला होता. जरीचं थोडं सूत हाताला लागलं, एवढंच. ते कोणाला दाखवलं असतं तर कोणी काय समजलं असतं?

उन्हाळ्यात गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. सगळ्यांच्या पायऱ्या निघाल्या, आमचा ओटाही दोन हात कापला गेला. महेशच्या बाबांनी एक शब्द काढला नाही. मशीन लावणाऱ्याला उलट चहा पाजला.

त्याच्यानंतरच्या बाजाराला हिरामण आला तेव्हा मी घरात एकटीच होते. ऊन होतं, गल्लीतही फारसं कोणी नव्हतं. मी बाहेर रस्त्यावर गेले. एवढ्या वर्षांत अशी मी परक्या माणसासमोर गेले नव्हते. मी म्हटलं, मी घरी सांगितलं आहे, खळ माझी होती, सगळं सांगितलं. आता नका देऊ. मी गल्लीत पण सांगते, एकेकीच्या घरी जाऊन सांगते.

त्यानं ऐकून घेतलं. तीनशे रुपये त्याच्या मुठीत होते. म्हणाला, "त्या दिवशी तुमी नुसत्या बाहेर आल्या असत्या बाई, तरी झालं असतं. बोलाचं काम नव्हतं. मी तुमच्याकडं पाहलं होतं."

मी म्हटलं, माहीत आहे.

"आता सांगसान तर माह्या काही कामाचं नाही. आमी पोळा झाला की सानगडीले जाऊन राहिलो. तुमच्या मनाले बरं वाटन, तेवढंच." मग त्यानं पैसे ओट्यावर ठेवले आणि रिकाम्या गल्लीला ऐकवल्यासारखं म्हणाला, "हे तीनशे."

मी एकेकीच्या घरी गेले नाही. दोन घरी गेले. एकीनं विषय बदलला. दुसरी म्हणाली, झालं-गेलं, आता कशाला उकरता, आणि मला कुंकू लावून वाटेला लावलं.

पोळ्याच्या आधीच्या बाजाराला तो शेवटचा आला. सायकलला कमच्या नव्हत्या. त्या दिवशी महेशचे बाबा घरी होते आणि गल्लीत माणसं होती. मधल्या काळात आमची नाली परत तुंबायला लागली होती. त्या ठेकेदारानं टाकं अर्धंच उपसलं होतं आणि आता फोन उचलत नव्हता. हे खाली उतरले, हिरामणच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, मग ठेवला नाही. म्हणाले, "आता गाडी दारापर्यंत येते हिरामण. टाकं तूच करून दे. पैसे म्हणशील ते."

"तुमच्या घरचं काम नाही घेत भाऊ," हिरामण म्हणाला. "गाडीवाल्याचा नंबर देतो. माणूस चांगला आहे. उतरवत नाही कोणाले."

नंबर त्यानं खरंच दिला. महेशच्या बाबांनी मोबाइलमध्ये लिहून घेतला. मग त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, मोजल्या, ओट्याच्या काठावर ठेवल्या आणि वर सुपारी ठेवतात तसा एक खडा ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. "हे चारशे," म्हणाला. "पाच हजार झाले. पाहून घ्या."

मी त्या वेळी दारात उभी होते, दाराआड नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. महेशच्या बाबांनी खडा बाजूला केला, नोटा उचलल्या आणि मोजल्या. बरोबर होत्या.